बाबांना तोटा होऊ दे!

आमच्या घरात पैशांवरून कधी भांडणं झाली नाहीत. कारण सिंपल आहे. पगार यायचा, आईच्या वहीत जायचा आणि पंचवीस तारखेपर्यंत संपायचा. यात भांडायला स्कोप कुठाय?

पण जून २०२५ मध्ये ते भांडण झालं. माझे बाबा रेल्वेत, सोलापूर डिव्हिजनला गुड्स गार्ड. २०२२ मध्ये रेल्वेनं गार्डांचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण आमच्या रेल्वे लाइन्समधल्या क्वार्टर्समध्ये ते शेवटपर्यंत गार्डसाहेबच राहिले. ३० जूनला ते रिटायर होणार होते. आणि जेवणाच्या टेबलवर, शेंगाचटणीच्या बरणीखाली, एक फॉर्म दाबून ठेवलेला होता. त्यात खरा प्रश्न एकच: तुमच्या पेन्शनचा काही भाग आजच विकणार का?

सरकारी मराठीत याला ‘अंशराशीकरण’ म्हणतात. बाबांच्या ऑफिसात सगळे कम्युटेशन म्हणतात. भानगड अशी, की मूळ पेन्शनच्या जास्तीत जास्त ४० टक्के भाग तुम्ही सरकारला देऊन टाकायचा. त्याबदल्यात आज एकरकमी पैसे घ्यायचे. मग १५ वर्षं तेवढी पेन्शन दरमहा कापून जाते. त्यानंतर ती पुन्हा पूर्ण सुरू होते. (महागाई भत्ता मात्र कापलेल्या नाही, पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळत राहतो.)

बाबांची मूळ पेन्शन ३०,०००. तिचे ४० टक्के म्हणजे १२,०००. साठाव्या वर्षी रिटायर होणाऱ्याला सरकारी तक्त्यात फॅक्टर आहे ८.१९४. म्हणजे १२,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४. उत्तर ११,७९,९३६ रुपये, आणि तेही टॅक्स-फ्री.

आईनं वही उघडली. “बारा हजार गुणिले एकशेऐंशी महिने. एकवीस लाख साठ हजार! एकवीस लाख देऊन पावणेबारा घ्यायचे? शहाणा माणूस करेल का असं?”

बाबा म्हणाले, “हातात आले ते आपले.”

यापुढे दोघंही काही बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी बाबांना दोन स्टेंट बसवलेत. ‘हातात आले ते आपले’ या वाक्याचा उरलेला अर्धा भाग आम्हा सगळ्यांना ऐकू आला होता.

मी पत्रकार. मास कॉमला महागाईवर बातमी कशी लिहायची ते शिकवलं होतं, बाबांची पेन्शन विकायची की नाही ते नाही. मग मी केलं ते आपण सगळेच करतो. आकडे कळणाऱ्या मित्राला फोन लावला.

भिशीचा फंडा

हा माझा शाळेतला मित्र पुण्यात खराडीला एका परदेशी बँकेच्या ऑफिसात प्रोग्रॅमर आहे. त्याची आई शेजारीपाजारी सांगताना ‘कॉम्प्युटरमध्ये कायतरी’ असं सांगते. तो काय करतो हे त्याला मीही कधी धड विचारलं नव्हतं. तो डिस्काउंट कर्व्ह बनवतो.

तो शुक्रवारी, ६ जूनला, रात्रीच्या हुतात्मा एक्सप्रेसनं आला तो पार पिळवटून. त्याच सकाळी रिझर्व्ह बँकेनं रेपो रेट अर्ध्या टक्क्यानं खाली आणून ५.५० टक्क्यांवर ठेवला होता आणि त्याच दमात आपली भूमिका ‘अकॉमोडेटिव्ह’वरून ‘न्यूट्रल’ केली होती. म्हणजे दर कमी केले, पण पुढे आणखी करूच असं नाही. जवळच्या मुदतीचे दर पडले, लांबचे हट्ट धरून बसले. “एका बाजूनं खाली, दुसऱ्या बाजूनं नाही,” तो म्हणाला. “आख्खी कर्व्ह वाकडी झाली गं.”

शनिवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन घरी आला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असं सगळं पोटात गेल्यावर त्यानं आईलाच विचारलं, “काकू, तुमच्या भिशीत किती जणी?”

“बारा. दोन-दोन हजार.”

“म्हणजे प्रत्येकीला चोवीस हजारच मिळणार. मग पहिला नंबर लागावा म्हणून सगळ्या देव पाण्यात घालून का बसतात?”

“अरे, आत्ताचे चोवीस हजार आणि पुढच्या मे महिन्यातले चोवीस हजार सारखे असतात होय?”

“झालं! काकूंना डिस्काउंटिंग येतं.”

फंडा एवढाच आहे. आजचा रुपया एक रुपयाचा. वर्षानंतरचा रुपया आज विकत घ्यायचा तर समजा साडेचौऱ्याण्णव पैशांना मिळतो. दोन वर्षांनंतरचा आणखी स्वस्त, पंधरा वर्षांनंतरचा तर फारच. पुढच्या प्रत्येक तारखेच्या रुपयाची आजची किंमत म्हणजे त्या तारखेचा डिस्काउंट फॅक्टर. हे सगळे फॅक्टर ओळीनं मांडले की झाली डिस्काउंट कर्व्ह. आईनं वहीत सगळे रुपये एकाच भावात मोजले होते. भिशीत तिनं असं कधीच केलं नसतं.

लाइन क्लिअर

पण हे फॅक्टर आणायचे कुठून? बाजारातून. रिझर्व्ह बँक दर आठवड्याला ट्रेझरी बिलांचा लिलाव करते. ही बिलं ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात. मध्ये व्याज नाही. आज कमी पैसे भरा, मुदत संपल्यावर शंभर घ्या. म्हणजे पहिल्या वर्षापर्यंतचे फॅक्टर जवळपास आयतेच मिळतात.

पुढे गंमत होते. दोन, पाच, दहा, पंधरा वर्षांचे सरकारी रोखे मध्येमध्ये व्याज देत राहतात. त्यांच्या एका भावात अनेक तारखांचे पैसे मिसळलेले असतात. ते सुटे करायचे कसे?

मित्रानं सोपं उदाहरण घेतलं. एक वर्षाचा फॅक्टर ०.९४५. दोन वर्षांचा एक रोखा आहे, वर्षाला ६ रुपये व्याज देतो आणि आज बरोबर १०० ला मिळतो. पहिल्या वर्षाच्या ६ रुपयांची आजची किंमत आपल्याला माहीत आहे: ६ गुणिले ०.९४५, म्हणजे ५.६७. ती शंभरातून वजा करा. उरले ९४.३३. ही दुसऱ्या वर्षी मिळणाऱ्या १०६ रुपयांची आजची किंमत. भागाकार करा, ०.८९. दोन वर्षांचा फॅक्टर मिळाला! आता हे दोन्ही वापरून तीन वर्षांचा काढायचा, मग चारचा. याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात.

बाबा इतका वेळ पेपरमागे होते. पेपर खाली आला. “म्हणजे लाइन क्लिअर.”

“काय काका?”

“होटगीनं लाइन क्लिअर दिली की गाडी होटगीपर्यंत जाणार. अक्कलकोट रोडचं होटगीला पोहोचल्यावर बघायचं. डायरेक्ट वाडीची लाइन क्लिअर कुणी देत नाही.”

मित्र माझ्याकडे बघत राहिला. ऑफिसात नवीन पोरांना हेच समजावताना त्याची अर्धी सकाळ जाते म्हणे.

मग आम्ही कामाला लागलो. २०१८ पासून आपल्याकडे सरकारी रोख्यांचे रोजचे भाव आणि त्यावरून काढलेली कर्व्ह फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया, म्हणजे एफबीआयएल, जाहीर करते. मित्राच्या लॅपटॉपवर क्वांटलिब होतं. ही २००० सालापासून चालत आलेली फुकट, ओपन सोर्स लायब्ररी आहे. तिला रोखे भरवायचे, ती कर्व्ह बांधून देते. पण त्यानं मला आधी एक्सेलमध्ये हातानं करायला लावलं. “मशीननं बांधलेली कर्व्ह चुकली तर कळायला पाहिजे ना.”

माझी चुकलीच. तपासायचा नियम साधा आहे: ज्या भावांवरून कर्व्ह बांधली, तेच भाव तिच्यातून परत निघाले पाहिजेत. माझे निघेनात. अर्ध्या तासानं सापडलं, की सरकारी रोखे व्याज सहा महिन्यांनी देतात आणि मी वर्षानं धरलं होतं. ते दुरुस्त केलं तरी किंचित फरक राहिला. तो दिवस मोजण्याचा निघाला. रोख्यांच्या जगात प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० चं. ट्रेझरी बिलांच्या जगात कॅलेंडरचे खरे दिवस, भागिले ३६५. दोन्ही नियम एकाच कर्व्हमध्ये नांदतात. बॉस, सासू-सून परवडल्या.

मग बाबांनी नेमका प्रश्न विचारला. “रोखे काही ठरावीक तारखांचेच. माझी पेन्शन दर महिन्याला कापणार. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी कुठंय, ते कसं कळणार?”

याला इंटरपोलेशन म्हणतात आणि मित्राच्या मते सगळे घोळ इथेच असतात. दोन बिंदू सरळ रेषेनं जोडले की कर्व्ह दिसायला छान दिसते. पण तिच्यातून पुढच्या एकेका महिन्याचे दर काढले तर ते करवतीच्या दात्यांसारखे वरखाली उड्या मारतात. म्हणून तो दरांऐवजी डिस्काउंट फॅक्टरच्या लॉगॅरिदमची सरळ रेषा घेतो. मग दोन बिंदूंच्या मधला दर एकसारखा राहतो. बाबांना त्यांच्या भाषेत सांगितलं: गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये एकाच स्पीडनं चालली असं धरायचं. “बरोबर आहे की,” बाबा म्हणाले. “आम्हीही तसंच धरतो.”

कुणाची कर्व्ह?

संध्याकाळी सहा वाजता उत्तर आलं. पंधरा वर्षं दरमहा कापल्या जाणाऱ्या १२,००० ची आमच्या कर्व्हवर आजची किंमत: १४ लाख १७ हजारांच्या आसपास. आईचे एकवीस लाख साठ हजार नाहीत, पण सरकार देतंय त्या ११.८ लाखांपेक्षा बरीच जास्त.

मी विचारलं, एवढा उपद्व्याप कशाला, सरसकट साडेसहा टक्के धरले असते तर? केलं. १३ लाख ७७ हजार. चाळीस हजारांचा फरक. आई म्हणाली, “गावाकडच्या घरावरचे पत्रे येतील की तेवढ्यात.” कर्व्ह कशाला लागते याचं इतकं क्लिअर उत्तर मला दुसरं मिळालं नसतं.

“म्हणजे विकायची नाही!” आईनं जाहीर केलं. सव्वादोन लाखांच्या वर नुकसान कोण सोसेल?

मित्र म्हणाला, “काकू, थांबा. ही कर्व्ह कुणाची आहे? सरकारची. सरकार बुडणार नाही म्हणून त्याला स्वस्तात पैसे मिळतात. तुम्हाला मिळतात का त्या दरानं?”

मग त्यानं त्याच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. लंडनमध्ये लायबॉर नावाचा एक दर होता. बँका एकमेकींना ज्या दरानं उसने पैसे देतात, तो. वर्षानुवर्षं जगभरचे सौदे त्याच एका कर्व्हवर मोजले जायचे. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि बँकांनाच बँकांचा भरवसा वाटेना. लायबॉर आणि एका रात्रीच्या उसनवारीचे दर यांच्यात मोठी फट पडली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की पैसे कधी मिळणार एवढंच बघून चालत नाही. ते कोण देणार आणि तारण काय, यावर कर्व्ह बदलते. मग एकाच्या जागी दोन-दोन, तीन-तीन कर्व्ह आल्या. प्रोग्रॅम नव्यानं लिहावे लागले. डॉलरचा लायबॉर तर ३० जून २०२३ नंतर त्याच्या मूळ रूपात उरलाच नाही.

आई शांतपणे उठली आणि कपाटातून दुसरी फाइल घेऊन आली. जुळे सोलापूरच्या फ्लॅटची. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागणार म्हणून घेतलेला. होमलोनचे १४ लाख अजून बाकी, व्याज साडेनऊ टक्के. ग्रॅच्युइटी तिच्या वहीत आधीच वाटली गेली होती: धाकट्याची फी, बहिणीचं लग्न, गावाकडचं घर.

“आपली कर्व्ह ही,” आई म्हणाली.

मित्रानं उलटं गणित केलं. ११,७९,९३६ आज घेऊन पंधरा वर्षं १२,००० फेडायचे, म्हणजे हे कर्ज किती टक्क्यांचं झालं? साधारण नऊ. आणि आपण फेडतोय साडेनऊनं. म्हणजे स्वस्त कर्ज घेऊन महाग कर्ज फेडायचं. आईची वही बंद झाली.

एक कॉलम

खरं तर गोष्ट इथे संपायला पाहिजे होती. पण मित्राच्या शीटमध्ये तारीख, रक्कम आणि फॅक्टर यांच्या शेजारी आणखी एक कॉलम होता. वर फक्त ‘स’ लिहिलेलं. खाली १८० ओळींमध्ये १, १, १, १.

“हे काय?”

तो जरा चाचरला. बँकेत हा कॉलम रोजचा असतो. समोरची पार्टी त्या तारखेपर्यंत टिकून राहण्याची शक्यता. ०.९९, ०.९८, ०.९६ अशी उतरत जाते. प्रत्येक रकमेला फॅक्टरनं गुणायचं आणि मग यानं. “ऑफिसात मी हे डोळे झाकून भरतो,” तो म्हणाला. “इथं नाही भरलं. सगळीकडे एक टाकला.”

कारण कम्युटेशनचा एक नियम फॉर्मच्या मागे होता आणि तो आम्ही सगळ्यांनी वाचलेला होता. माणूस पंधरा वर्षांच्या आत गेला, तर कापणी तिथेच थांबते. आईच्या फॅमिली पेन्शनमधून ती होत नाही. सरकारचा तो ८.१९४ चा फॅक्टर ८ टक्के व्याज आणि असाच एक ‘स’ कॉलम गृहीत धरूनच बनवलाय. फक्त तो सरासरीचा आहे. स्टेंट त्याला माहीत नाहीत.

आणि त्या ८.१९४ मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आपल्या कर्व्हवर एकेका वर्षाचा सरासरी फॅक्टर घ्यायचा आणि वरून खाली बेरीज करत जायचं. पहिल्या वर्षाचा ०.९७, दुसऱ्याचा ०.९२, तिसऱ्याचा ०.८७... ही बेरीज जिथे ८.१९४ होते, तिथे हिशोब फिटतो. तिथपर्यंत विकणारा फायद्यात. त्यापुढे जगला, की तोट्यात.

आमची बेरीज अकरा वर्षं तीन महिन्यांवर फिटत होती. साठ अधिक अकरा, वर तीन महिने. मी स्क्रीनकडे बघत बसले. कर्व्हनं वय सांगितलं होतं, आणि मला लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला. रिझर्व्ह बँक दर कमी-जास्त करेल, कर्व्ह वाकेल, सरळ होईल, बेरीज महिना-दोन महिने इकडेतिकडे सरकेल. पण त्या ‘स’च्या कॉलममध्ये काय लिहायचं ते कुठल्याच लिलावात कळत नाही.

बाबांनी चष्मा पुसला. “किती वर्षं जगलो तर आपल्याला तोटा?”

कुणीच बोलेना. शेवटी मीच म्हणाले, “एकाहत्तर वर्षं, तीन महिने. त्याच्यापुढे.”

“बरं,” बाबा म्हणाले. बरणी बाजूला केली, फॉर्म पुढे ओढला आणि ४० टक्क्यांच्या चौकटीत सही केली. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, “मग तोट्यातच जाऊ.”

आई त्यावर काही बोलली नाही. आत जाऊन तिनं चहा टाकला. एरवी बाबांना अर्धा चमचा साखरही मिळत नाही, त्या दिवशी मिळाली.

पैसे आले, होमलोनमध्ये गेले. उरलेल्या कर्जाचा हप्ता आता आईच्या वहीत एका ओळीत मावतो. बाबा रोज सकाळी जुळे सोलापूरमध्ये डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं घड्याळ लावून चालतात, ड्युटीवर असल्यासारखे. मित्रानं ती शीट मला मेल केलीय. मी त्यात काहीच बदललेलं नाही. ‘स’च्या कॉलममध्ये अजून १८० एक आहेत.

फक्त मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये एक रिमाइंडर टाकलाय, सप्टेंबर २०३६ च्या शेवटच्या दिवसावर. ‘उद्यापासून बाबांचा तोटा सुरू. जेवायला बाहेर जायचं. बिल मी देणार.’